पाणी पिऊन निघा

'अक्का, आता पाणी पिऊ नका, वाटेत पंचाईत व्हती,' म्हणत धाकट्या जावेनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. तिचं खरंच होतं. बाहेरगावी जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी बंद, हा आम्हा बायकांचा नेम. कुठल्या शास्त्रात तो नाही, कुठल्या महाराजांनी दिलेला नाही, तरी उपवासापेक्षा कडक पाळला जातो.

कोहिनूरहून आम्ही सहाजणी शहरात प्रदर्शन बघायला निघालो होतो. विषय 'उद्याचं शहर', प्रवेश मोफत. बसही मोफत. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे. राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. त्यावरून घरच्या पुरुषांनी टोमणे मारलेच. 'फुकट हाय म्हणून हिंडायचं!' गंमत बघा, प्रदर्शनही फुकटच होतं, पण त्याला कुणी हसलं नाही.

दालनात थंडगार हवा. काचेखाली शहराची प्रतिकृती. ड्रायव्हर नसलेली बस, आपोआप लागणारे दिवे, चौकाचौकात कॅमेरे, भरली की स्वतःच कळवणारी कचराकुंडी. आम्ही 'अगंबाई' करत फोटो काढले. मीही काढले, खोटं कशाला बोलू?

मग समजावून सांगणाऱ्या पोराला मी विचारलं, 'बाळा, ह्या शहराला पाणी कुठनं येतं?'

'सेन्सर आहेत, मॅडम. गळती झाली की मोबाइलवर कळतं.'

'ते झालं. पण येतं कुठनं? आणि घाण पाणी जातं कुठं?'

तो प्रतिकृतीकडे बघत राहिला. तिच्यात एक नदी होती, निळ्या रंगाची, शोभेची. पोराचा दोष नाही, त्याला जेवढं शिकवलं तेवढं तो बोलला. तेवढ्यात आमच्यातल्या सत्तरीच्या काकू कानाशी लागल्या, 'जायला जागा कुठं हाय गं?' शोधली. होती. दाराला कुलूप होतं.

ही तऱ्हा एका प्रदर्शनाची नाही, म्हणूनच राग येतो. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात जनरल मोटर्स कंपनीनं 'फ्युचुरामा' मांडलं होतं. सरकत्या खुर्च्यांत बसून लोकांनी १९६० सालचं जग पाहिलं. उंच इमारती, आणि त्यांच्यामधून धावणारे रुंद मोटाररस्ते. निघताना छातीला बिल्ला मिळे, 'मी भविष्य पाहिलं आहे.' मोटारी विकणाऱ्यानं दाखवलेल्या भविष्यात मोटारी नसतील तर काय असेल? तसंच कॅमेरे विकणारा चौकात कॅमेरा दाखवणार. कुलूप लागलेल्या संडासाची किल्ली कुणी विकत नाही, म्हणून ती कुठल्याच भविष्यात नसते.

जवळचं बघा. २०१५ साली केंद्र सरकारनं स्मार्ट सिटी योजना आणली. २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत आपलं सोलापूर होतं. आपल्यातल्या कितीतरी घरांच्या सोयरिकी तिथल्या. त्यानंतरही कित्येक वर्षं सोलापूरच्या बायका नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं म्हणून पिंपं भरून ठेवत राहिल्या. शहर हुशार झालं, आणि बाई मात्र पिंपाशी उभी.

आणि हे आपण मुकाट बघावं? आपण तर पाणी गाळून पिणाऱ्या घरच्या लेकी. आजी नुसतं गाळायला शिकवून थांबली नाही. गाळल्यावर फडक्यातले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत अलगद सोडायचे, हेही तिनं शिकवलं. पाणी कुठून आलं आणि परत कुठं गेलं, हे जिला माहीत नाही तिनं घागरीला हात लावू नये, असा तो धडा. तो आपण सोवळ्यासारखा स्वयंपाकघरात कोंडून ठेवला. नगरपालिकेच्या दारात तो कधी नेलाच नाही.

आपल्या बिदरचीच गोष्ट घ्या. बहामनी काळात, पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी, नौबादेला जमिनीखालून करेझ खोदली. बोगद्याला उतार असा साधला की पाणी आपल्या पायानं चालत येई, आणि हवा-उजेडासाठी वर विहिरीसारखी तोंडं ठेवली. पंप नाही, वीज नाही. त्या कारागिरांनी आधी पाणी कुठून येईल ते पाहिलं. तंत्रज्ञान म्हणतात ते हेही. मी यंत्रांच्या विरोधात नाही. क्रम उलटा लावणाऱ्यांच्या विरोधात आहे.

टोमणे मारणाऱ्यांना एकच सांगते. त्या दिवशी मी दोन फुकट वस्तू पाहिल्या. प्रदर्शनानं मला प्रेक्षक केलं. बसनं मला प्रवासी केलं. जिला देवळापलीकडे जायला कुणाकडे तरी पैसे मागावे लागत, ती काकू आधारकार्ड दाखवून खिडकीशी बसली. उद्याचं शहर मला कुठं दिसलं असेल तर त्या खडखडणाऱ्या बसमध्ये.

बायांनो, प्रदर्शनं जरूर बघा. लेकी-सुनांना घेऊन जा. पण तोंडावर पदर घेऊन, 'छान हाय' म्हणून परत येऊ नका. पाणी कुठून येतं, घाण कुठं जाते, ती कोण उपसतं, आणि बाईनं बसायचं कुठं, एवढं विचारा. उत्तर नसेल तर अभिप्रायाच्या वहीत तसं लिहा. आपल्या मंडळात पुढच्या चातुर्मासात देणग्या ठरतील, तेव्हा कमानीच्या आधी बसस्टँडवरच्या संडासाचं नाव काढा. हसतील, हसू द्या.

परतीच्या बसमध्ये काकू गप्प होत्या, ओठ सुकलेले. घरी येईपर्यंत दिवस मावळला. त्यांना रात्री पाणी न घेण्याचा नियम. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवसाच्या उन्हापर्यंत त्यांच्या घशाखाली घोटभर पाणी उतरलं नाही. त्यातला रात्रीचा नियम त्यांनी स्वतः घेतला होता. दिवसाचा कुणी दिला?

ज्या शहराला जाताना बाई घरून तांब्याभर पाणी पिऊन निर्धास्त निघेल, ते उद्याचं शहर. बाकी सगळी काचेखालची खेळणी.