औषधाचा कागद फोनवरून का नाही?

टेलिमेडिसिनची नियमावली लिहिणाऱ्यांना,

मी चितेगावची, पैठण रस्त्यावरच्या. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जिभेचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, शेक झाले. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता नुसतं दुखणं कमी ठेवायचं. मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी, दर चार तासांनी. रात्री दोनची गोळी मी गजर लावून द्यायचे. वाटीत कुटायची, पाण्यात कालवायची, नाकातल्या नळीतून सोडायची. अर्ध्या तासानं कपाळावरची आठी सैल पडायची, तेवढं बघून मी आडवी व्हायचे.

मग ती गोळी पुरेना. एक अख्खी रात्र अण्णा खाटेची लोखंडी पट्टी धरून बसून होते. सकाळी डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी गळ्याची गाठ पाहिली, दहापैकी किती दुखतं विचारलं. अण्णांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नऊ बोटं दाखवली. डॉक्टर म्हणाले, "ताई, डोस वाढवायला पाहिजे. पण हे औषध फोनवर लिहून देता येत नाही. त्यांना घेऊन या."

दवाखाना वीसेक किलोमीटर. मागच्या सीटवर अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर, आणि दर खड्ड्याला त्यांची बोटं माझ्या दंडात रुतायची. डॉक्टरांनी सकाळी पाहिलं तेच दुपारी पाहिलं, सकाळी बोलले तेच कागदावर लिहिलं. डॉक्टरांवर माझा राग नाही. तुमच्यावर आहे.

२५ मार्च २०२०च्या तुमच्या नियमावलीत अंमली पदार्थांच्या कायद्यातली मॉर्फिनसारखी औषधं टेलिमेडिसिनवर लिहायला सरसकट बंदी आहे. आधी प्रत्यक्ष तपासलेला, त्याच डॉक्टरचा जुना पेशंट असला तरी. बीपीची, शुगरची गोळी फोनवर चालू ठेवता येते. ज्याला उठवत नाही, त्यालाच तेवढं उचलून आणायचं. १९८५च्या त्या कायद्यात संसदेनं २०१४ साली दुरुस्ती केली ती मॉर्फिनसारखी औषधं दुखणाऱ्याला सहज मिळावीत म्हणूनच ना? मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते, मॉर्फिन तिच्यातूनच निघतं. आपल्याच मातीतलं औषध आपल्याच माणसाला देताना एवढा संशय कशाला?

नशेखोरीची भीती मला कळते. छत्रपती संभाजीनगरात 'बटन' गोळ्यांपायी पोरं वाया जाताना आम्ही रोज ऐकतो. पण बटन विकणारा डॉक्टरचा कागद मागत नाही. तुमचा नियम त्याला अडवत नाही, अडवतो तो नळीतून औषध घेणाऱ्या माझ्या बापाला.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. तिथे डॉक्टर व्हिडिओवर पेशंट तपासून औषधी गांजासाठी प्रमाणपत्र देऊ शकतो, असं त्यानं सांगितलं तेव्हा आई नुसती बघत राहिली. त्याच आठवड्यात माझ्या मोबाईलवर विजयाच्या, म्हणजे भांगेच्या पानांच्या तेलाची जाहिरात आली; वैद्य ऑनलाइन सल्ला देणार होते. कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत. असू दे, कुणाला त्यानं आराम पडत असेल तर पडो. पण आमच्या डॉक्टरांचे हात तुम्ही का बांधून ठेवलेत?

मी फार मागत नाही. एकदा समोर तपासलेल्या, नोंद असलेल्या पेशंटचा डोस त्याच डॉक्टरला व्हिडिओवर वाढवता यावा. हवं तर उपकेंद्रातल्या सिस्टरला शेजारी बसवा, गोळ्या तिच्यासमोर मोजा. सरकारच्या ई-संजीवनीवर गावोगाव डॉक्टर दिसतातच की.

अण्णा त्या फेरीनंतर नऊ दिवस राहिले. त्यातले दोन दिवस त्या प्रवासाच्या ठणक्यातच गेले. ते दोन दिवस मला तुमच्याकडून परत मिळणार नाहीत, हे कळतं मला.

दहावं झाल्यावर डब्यातल्या उरलेल्या गोळ्या मी काढल्या. अकरा होत्या. कुणी मागितल्या नव्हत्या. मी त्या दवाखान्यात नेऊन मोजून परत दिल्या.

अण्णांची मुलगी,
चितेगाव