‘पुट’ म्हणजे फक्त ठेवणे नव्हे

‘आय वुड बी ऑन लीव्ह टुमारो.’ रजा मंजूर, गाडीचं तिकीट खिशात, तरी ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘विल’ लिहायला आपला हात धजत नाही. ‘विल’ उर्मट वाटतं, ‘वुड’ कसं अदबशीर! ‘वुड यू लाइक सम टी’मधली अदब आपण उचलली आणि दिसेल तिथे चिकटवली. इंग्रजी कानाला मात्र हे अर्धवट वाटतं. उद्या रजेवर असतो, पण... पण काय? साहेबांनी अडवलं?

बाकीच्या चुकांमागे आपली मराठीच उभी असते. ‘जायला पाहिजे’मधला ‘ला’ तिकडे ‘टू’ होतो आणि ‘आय मस्ट टू गो’ तयार होतं. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’, ‘त्याबद्दल चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’. ‘कॅन एबल टू’मध्ये तर एका म्यानात दोन तलवारी. पण यांनी फारसं काही अडत नाही. ऐकणाऱ्याला कळतं, काम होतं.

खरं घोडं पेंड खातं ते पुढे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, हे आपण शाळेत घोकलं. मग कपडे ‘पुट ऑन’ होतात, बैठक ‘पुट ऑफ’ होते, आग ‘पुट आउट’ होते आणि तापट शेजाऱ्याला ‘पुट अप विथ’ करावं लागतं. यात ठेवलं कोणी काय? डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं, की परक्यांना सर्वांत जड जातात ती हीच जोडक्रियापदं. ‘ही शुडन्ट हॅव पुट अप विथ इट’ हे वाक्य घ्या. त्याने ते सहन करायला नको होतं, एवढाच अर्थ. कठीण म्हणावा असा एकही शब्द नाही, आणि ‘टॉलरेट’, ‘पोस्टपोन’, ‘एक्स्टिंग्विश’ बिनचूक लिहिणारा पदवीधर इथे अडखळतो. आपण इंग्रजी शिकलो छापील पानावरून आणि सरकारी कागदांवरून, त्यामुळे आपलं बोलणंही अर्ज केल्यासारखं होतं. सबटायटल बंद केली की सिनेमा हातचा जातो.

वास्तविक हा खेळ आपल्याला नवा नाही. ‘सांगून टाक’, ‘सांगून ठेव’, ‘सांगून बघ’, ‘सांगून बसला’. टाकायचं काही नाही, बसायला खुर्ची नाही, तरी प्रत्येकाची छटा पोराटोरांना कळते. ती कुणी यादी पाठ करून शिकलेलं नाही. इंग्रजीच्या वर्गात मात्र ‘पन्नास महत्त्वाची क्रियापदं’ अर्थासकट फळ्यावर उतरतात. ‘टेक ऑफ’ म्हणजे विमान उडणे, एवढं पाठ केलेल्या मुलाला बूट ‘टेक ऑफ’ करायला सांगा, तो गोंधळणारच. शिवाय ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘पुट द मीटिंग ऑफ’ही चालतं, पण मीटिंगच्या जागी ‘इट’ आलं की फक्त ‘पुट इट ऑफ’. ‘पुट अप विथ’मध्ये ही सवलतच नाही. हे वाक्यं कानावर पडल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे वेळ भरपूर आहे. पण बोर्डाच्या पेपरातला मान अजून ‘नो सूनर... दॅन’च्या रूपांतराला. साध्या गप्पांत ते कितीसं ऐकू येतं? त्यातले दोन गुण तरी ‘पुट इट ऑफ’ला द्यायला हरकत नसावी.