मेळा आणि मर्यादा

एकट्याने गाइलेले गाणे गोड असते. परंतु तेच गाणे शेकडो कंठांतून एकाच वेळी उठले म्हणजे त्याची गोडी काही निराळीच होते. म्हणूनच माणसे घरदार सोडून मेळ्याला जातात. सुगी आटोपली की गावोगाव जत्रा भरतात, सप्ताह बसतात, देवळापुढे रात्ररात्र भजनाचा जागर चालतो. अलीकडे या जुन्या प्रकारांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. डोंगराच्या कुशीत अथवा धरणाच्या काठी तंबू ठोकावयाचे, मुलाबाळांसह तेथे एक-दोन रात्री राहावयाचे आणि मोकळ्या आकाशाखाली गाणे ऐकावयाचे, असे संगीताचे मेळे आता भरू लागले आहेत. प्रकार नवा असला, तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न जुनाच आहे. अनोळखी माणसे एका जागी राहावयास आली, तर त्यांनी एकमेकांशी कसे वागावे? आणि त्यांतील लहानांचे, वृद्धांचे व दुबळ्यांचे रक्षण कोणी करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भोर तालुक्यात, नीरा नदीच्या काठी सारोळे हे गाव आहे. पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. सारोळ्यावरून वाहणारी ही नीरा पुढे नीरा गावी पोहोचते. आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानेश्वरमहाराजांच्या पादुकांना तेथेच तिच्या पाण्याने स्नान घालण्यात येते. पुढे नरसिंहपूरजवळ नीरा भीमेला मिळते, आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. सारोळ्याचे पाणी ज्या दिशेने जाते, त्याच दिशेने दरवर्षी लाखो माणसे गात गात चालत जातात. वारी ही भक्तीची यात्रा आहे, हे तर खरेच. पण ती संगीताचा चालता मेळाही आहे. दिवसभर टाळमृदंगाच्या साथीने अभंग गावयाचे आणि रात्री तळावर राहुट्यांत मुक्काम करावयाचा, असा तिचा क्रम असतो.

एवढा मोठा समुदाय आवरावयाचा कसा, याचा विचार वारकऱ्यांनी फार पूर्वी केला. तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीला स्वतंत्र व शिस्तबद्ध रूप दिले. प्रत्येक दिंडीला क्रमांक आणि जागा ठरवून देण्यात आली. कोणी रथापुढे चालावयाचे आणि कोणी रथामागे, हे निश्चित झाले. ज्याला आपली दिंडी ठाऊक आहे, तो लाखांच्या समुदायातही हरवत नाही.

परंतु या व्यवस्थेचे खरे मर्म पाहावयाचे असेल, तर सायंकाळची समाजआरती पाहावी. पालखी तळावर येते. दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळमृदंगांचा गजर टिपेला पोहोचलेला असतो. इतक्यात चोपदार हातातील चोप उंच करतो, आणि क्षणात सर्वत्र शांतता पसरते. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती आपले टाळ थांबवीत नाही. चोपदार त्या दिंडीपाशी जातो आणि तिचे म्हणणे ऐकून घेतो. नंतर हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची माहिती सर्वांना सांगण्यात येते, उद्याच्या प्रस्थानाची वेळ जाहीर होते आणि मग आरती होते.

या छोट्याशा प्रथेत फार मोठे शहाणपण साठवलेले आहे. ज्या समुदायाला एका खुणेसरशी शांत होता येते, तो समुदाय सुरक्षित असतो. संकट आले असता त्याला काही सांगता येते आणि त्याला ते ऐकू येते. पण ही शांतता केवळ आज्ञेतून आलेली नसते. आपली तक्रार ऐकली जाईल, असा प्रत्येक दिंडीचा विश्वास असतो. म्हणून ती चोपदाराचा मान राखते. शिस्त आणि विश्वास यांची अशी जोड जेथे नसते, तेथे आनंदाचे रूपांतर अनर्थात होण्यास वेळ लागत नाही.

याची साक्षही सारोळ्यापासून फार दूर नाही. दक्षिणेकडे, वाई तालुक्यात मांढरदेवचा डोंगर आहे. तेथील काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या दिवशी, सुमारे तीनशे माणसे मृत्युमुखी पडली. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. काही माणसे घसरून पडली. मागून येणाऱ्यांना पुढे काय झाले हे कळले नाही, आणि ती रेटा देतच राहिली. त्यातच दुकानांना आगी लागल्या आणि गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. त्या डोंगरावर दुष्ट हेतूने कोणी आलेले नव्हते. पुढच्याचे हाल मागच्याला कळावेत, अशी सोय मात्र नव्हती.

संगीताच्या मेळ्यांतही असे प्रसंग घडले आहेत. जर्मनीतील डुइसबुर्ग येथे २४ जुलै २०१० रोजी एका संगीतमेळ्यात आत जाणारे आणि बाहेर पडणारे लोक एकाच वाटेवर अडकले, आणि एकवीस जणांचा बळी गेला. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ५ नोव्हेंबर २०२१ रोजी एका गायनाच्या कार्यक्रमात झालेल्या चेंगराचेंगरीने दहा जणांचे प्राण घेतले; त्यांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. गर्दीतून मदतीच्या हाका येत असतानाही तेथे गाणे बराच वेळ चालूच राहिले. आपल्या देशात कोची येथील विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ रोजी संगीताच्या कार्यक्रमापूर्वी पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन चार जण दगावले. ह्यूस्टनला साधनांची वाण नव्हती. तेथे प्रचंड ध्वनिक्षेपक होते आणि डोळे दिपविणारा प्रकाश होता. पण टाळ न थांबविणाऱ्या दिंडीकडे चालत जाणारा चोपदार तेथे नव्हता.

गर्दीत माणसे पायदळी तुडवली जाऊनच मरतात, अशी सामान्य समजूत आहे. ती पूर्णपणे बरोबर नाही. एक चौरस मीटर जागेत सहा-सात माणसे दाटली, की कोणालाही स्वतःच्या इच्छेने हालता येत नाही. चहूकडून छातीवर दाब येतो, श्वास घेणे अशक्य होते, आणि उभ्या-उभ्याच माणूस गुदमरतो. म्हणून पुढे जागा नाही असे दिसताच थांबणे, मागच्यांना थांबण्यास सांगणे आणि गर्दी वाढण्यापूर्वीच कडेला सरणे, हे भित्रेपणाचे लक्षण नसून शहाणपणाचे आहे. जो रेटा देतो, त्याला आपल्या रेट्याचा बळी कधी दिसत नाही. तो दहा रांगा पुढे असतो.

काही लोक म्हणतील, "नियम पाळावयाचे तर शाळा आहेच, मेळ्याला जावयाचे ते मोकळेपणासाठी." या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. नियमांच्या ओझ्याने आनंद कोमेजतो, हे खरे आहे. परंतु मोकळेपणा कोणाचा, हेही विचारले पाहिजे. काही दांडगट तरुणांनी मद्य पिऊन धिंगाणा घालावा आणि मुलींनी व वृद्धांनी तंबूत बसून राहावे, याला मोकळेपणा म्हणता येणार नाही. ज्या मेळ्यात आजी निर्धास्तपणे गाणे ऐकते आणि लहान मूल तिच्या मांडीवर झोपी जाते, तोच मेळा खऱ्या अर्थाने मोकळा होय.

मेळ्याच्या शेजारी गाव असते, हे पाहुण्यांनी विसरू नये. ज्यांच्या शेतावरून वाट जाते, त्यांना पहाटे उठून धारा काढावयाच्या असतात. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिनियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. वर्षातील मोजके दिवस राज्य शासन ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. हा नियम केवळ पोलिसांच्या भीतीने पाळावयाचा नाही. शेजाऱ्याची झोप ही त्याची मालमत्ता आहे, आणि ती हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही गाण्याला नाही. कचरा आपल्यासोबत परत नेणे, उभ्या पिकातून न चालणे, विहिरीचे पाणी न नासविणे, हाही त्याच सौजन्याचा भाग होय.

पाणी आणि अग्नी यांच्याशी तर मुळीच थट्टा करू नये. भोर तालुक्यातील भाटघर धरणाच्या जलाशयात मे २०२२ मध्ये नात्यातील पाच स्त्रिया एकाच दिवशी बुडाल्या. वरून शांत दिसणाऱ्या जलाशयाचा तळ एकाएकी खोल होतो, आणि बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी उडी घेणाराही प्राणास मुकतो. अशा वेळी दोर अथवा लांब काठी पुढे करावी आणि मोठ्याने हाका मारून मदत बोलवावी. थंडीच्या रात्री बंद तंबूत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे हेही तितकेच घातक असते; तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्याला जाग येत नाही. लहान मुलाच्या खिशात पालकांचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. चुकामूक झाल्यास भेटावयाची जागा आधीच ठरवून ठेवावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत.

मात्र सारी जबाबदारी येणाऱ्यांवर टाकून मेळा भरविणाऱ्यांना मोकळे होता येणार नाही. येण्याची व जाण्याची वाट वेगळी ठेवणे, जागा मावेल तेवढ्याच माणसांना प्रवेश देणे, पिण्याचे पाणी, शौचालये व दिवे यांची सोय करणे आणि कोणी मदत मागताच कार्यक्रम थांबविणे, ही त्यांची कर्तव्ये आहेत. ज्यांना लोकांनी ऐकावे असे वाटते, त्यांनी आधी लोकांचे ऐकले पाहिजे.

वारीतील माणसे एकमेकांना "माउली" म्हणून हाक मारतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. त्यांत लहानमोठा असा भेद नसतो. ज्याच्या पाया पडावयाचे, त्याला रेटा देण्यास हात सहसा उठत नाही. प्रत्येक मेळ्यात वारी अवतरेल, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु शेजारच्या अनोळखी माणसाचा जीव आपल्या वागणुकीवर अवलंबून आहे, एवढी जाणीव प्रत्येकाने बाळगली, तर नीरेच्या काठी काय किंवा अन्यत्र काय, गाणे ऐकावयास गेलेले प्रत्येक कुटुंब सुखरूप घरी परतेल. मेळ्याचे यश किती माणसे आली यावर मोजावयाचे नसते. आलेली सारी माणसे आनंदाने परत गेली की नाहीत, यावर ते मोजावयाचे असते.