पाळण्यापाशी भरणारी शाळा

मुलास सहावे वर्ष लागले म्हणजे त्याच्या शिक्षणास आरंभ झाला, असा समज आमच्या शहरांतील सुशिक्षित व व्यापारी मंडळींत अद्यापि दृढ आहे. शास्त्राची साक्ष मात्र निराळी आहे. गर्भास सहाव्या महिन्याच्या सुमारास ऐकू येऊ लागते, व नवजात अर्भक आईचा आवाज परक्या आवाजांतून ओळखते. अर्थात पहिली शाळा पाळण्यापाशीच भरते, आणि तेथील पहिले पुस्तक म्हणजे गाणे होय.

बडबडगीतांत शब्द तालावर पडतात व यमके पुनःपुन्हा येतात. त्यामुळे 'पान' आणि 'कान' यांतील भेद मुलाच्या कानास अक्षरओळखीपूर्वीच कळू लागतो. पुढील वाचनाचा पाया तो हाच. टाळीसाठी थांबणे, आपली पाळी येईपर्यंत दम धरणे, दहाजणांच्या सुरांत आपला सूर मिळविणे, हे संयमाचे व सहकार्याचे धडे छडीवाचून मिळतात.

येथे एका भ्रमाचा निकाल लावणे अवश्य आहे. मोझार्टचे संगीत ऐकविल्याने मूल बुद्धिमान होते, असा दावा बाजारात मोठ्या धडाक्याने मांडला गेला. 1998 साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर प्रत्येक नवजात बालकास अशी ध्वनिमुद्रिका देण्याचा प्रस्ताव केला! परंतु ज्या 1993 सालच्या प्रयोगावर हा डोलारा उभारला, त्यातील परीक्षार्थी तान्ही मुले नसून कॉलेजातील विद्यार्थी होते, व दिसलेला फरक काही मिनिटांतच ओसरला. माल खपला म्हणून तो अस्सल ठरत नाही, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. यंत्रातून वाजलेल्या सुरापेक्षा मुलाच्या डोळ्यांत पाहून गायिलेले साधे गाणेच त्याच्या कामाचे.

मग आमच्या घरातून हे गाणे गेले कोठे? पिठाची गिरणी आली आणि जात्यावरची ओवी थांबली. बायकांचे कष्ट हलके झाले, हे उत्तमच झाले. परंतु जात्याबरोबर गळाही माळ्यावर टाकण्याचे कारण नव्हते. कुलीनांनी गाऊ नये, या दंभावर पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून घाव घातला. तरीही पाळण्यापाशी गाणे हे बायकांचे काम, असे मानणारे पुरुष आजही थोडे नाहीत.

1975 सालापासून देशात अंगणवाड्या चालल्या आहेत, आणि 2020 च्या शिक्षणधोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे वय शिक्षणाच्या कक्षेत घेतले आहे. तेव्हा प्रत्येक अंगणवाडीत रोज पाव तास गाण्यास द्यावा, सेविकांस गाणी शिकवावी, व टाळ-खंजिरीपुरता खर्च मंजूर करावा, अशी आमची मागणी आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षण आरंभिले, तेही महागड्या साहित्यावाचूनच.

सरकार करील तेव्हा करो. दुकान बंद करून घरी परतणाऱ्या प्रत्येक पित्याने आज रात्री एक गाणे म्हणावे. सूर चुकेल, ही धास्ती नको. तेथील न्यायाधीश पाळण्यात निजलेला असतो, आणि तो फार दयाळू आहे.