तुतारीची मुद्रा

कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीची शताब्दी जवळ येत असताना, तिच्या बोधचिन्हाचा, म्हणजे चित्रपटाच्या आरंभी निर्मितीसंस्थेची ओळख पटवणाऱ्या चित्रमुद्रेचा, साक्षेपी विचार व्हावा म्हणून आपल्या मासिकाचा हा अंक त्याच विषयाला वाहिला आहे. मागे रेलून तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीची ती आकृती मराठी प्रेक्षकांच्या मनात घर करून आहे. परंतु तिच्याकडे केवळ स्मरणरंजन म्हणून पाहणे अपुरे ठरते, कारण संस्थापकांपैकी दामले आणि फत्तेलाल हे बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली घडलेले चित्रकार होते आणि ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) दिसणारी त्यांची रेषेची शिस्त या मुद्रेतही जाणवते. कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, पुढे बंद पडली आणि तिच्या आवारात १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. हा इतिहास येथे ओझरताच येतो, भर आहे तो चिन्हाच्या घडणीवर. ही मुद्रा असलेल्या जुन्या जाहिराती वा गीतपुस्तिका ज्या वाचकांच्या संग्रही असतील, त्यांनी त्यांची छायाचित्रे आपल्या टिपणासह अवश्य पाठवावीत.