हातोडी परत देणारा पाहुणा

आपल्याकडच्या लग्नांत देण्याघेण्यावरून जेवढी भांडणे झाली, त्याहून अधिक मानपानावरून झाली असतील. मुलाच्या मामांचा पाट कुठे मांडला, विहीणबाईंच्या जावेला नारळ आधी दिला की मागाहून, एवढ्या कारणावरून वीस-वीस वर्षे अबोला धरणारी घराणी प्रत्येकाच्या ओळखीची असतात. तेव्हा मानपान हा विषय मराठी वाचकांना शिकवायला नको. पण यंदाच्या दिवाळीत मी त्यांना जरा अनोळखी घरचे मानपान दाखवणार आहे. ते घर म्हणजे फ्रीमेसन मंडळींचे लॉज.

मुंबईच्या फोर्टात, स्टर्लिंग सिनेमाच्या जवळपास, या मंडळींची भलीमोठी वास्तू आहे. तिच्यावरून जाताना पुष्कळांचा आवाज उगाचच खाली येतो. उत्तरेकडे अशा इमारतीला लोक 'जादूघर' म्हणत. किपलिंगच्या १९०१ सालच्या 'किम' कादंबरीतही तेच नाव आले आहे. वस्तुतः आतल्या काही खुणा आणि परवलीचे शब्द सोडले तर फारसे काही गुप्त नाही. संस्थेची घटना व नियम छापलेले आहेत. तिची परंपरा १७१७ सालच्या लंडनपासून सांगतात, आणि भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ साली स्थापन झाली. सभासद एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही, असा दंडक आहे. हा दंडक आपल्या पंगतीतही लागू केला, तर किती श्रीखंड गोड लागेल!

आता लॉजचा संसार पाहा. पूर्वेला मुख्य आसनावर मास्टर बसतो. त्याच्या हाती एक लहानशी लाकडी हातोडी असते आणि तिच्या ठोक्यावर सारी सभा चालते. पश्चिमेला आणि दक्षिणेला त्याचे दोन वॉर्डन. दाराबाहेर टायलर नावाचा रखवालदार, तोही नागवी तलवार घेऊन. मास्टरची कारकीर्द बहुधा एका वर्षाची. वर्ष संपले की तो खुर्ची सोडतो, आणि पुढे सेवेप्रमाणे त्याला वरच्या ग्रँड लॉजची पदे मिळत जातात. नेमकी इथेच खरी गंमत सुरू होते. खुर्चीवर असतो तो पुष्कळदा वयाने आणि पदाने लहान. आणि पाहुणा म्हणून येतो तो पंचवीस-तीस वर्षे मुरलेला, गळ्यात सोनेरी पट्टा घातलेला बडा अधिकारी. नव्या मास्तरांच्या वर्गात निवृत्त हेडमास्तर येऊन बसावेत, तसा हा प्रकार! मग मोठा कोण?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात कुणी देत नाही. ते रीतिरिवाजांतून हळूहळू उलगडते.

पहिली रीत दाराबाहेरची. दुसऱ्या लॉजला जायचे तर तिथल्या सेक्रेटरीला आधी कळवावे. पाहुणा परक्या घटनेचा असेल, तर त्याची ग्रँड लॉज आणि यजमानांची ग्रँड लॉज एकमेकींना मानतात की नाही, याची खात्री करून घ्यावी. मुंबईत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. १९६१ नंतरही काही लॉजेस इंग्लंडच्या वा स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजकडेच राहिली, म्हणून इथे शेजारी शेजारी वेगवेगळ्या घटनांखालची लॉजेस नांदतात. दारात वहीत सही करायची. नाव, लॉज, हुद्दा लिहायचा. ओळखीचा कुणी हमी देणारा नसेल, तर प्रमाणपत्र दाखवून परीक्षाही द्यायची. हुद्दा कितीही मोठा असो, त्याला यातून सूट नाही. जो बडा पाहुणा "मला ओळखत नाही?" असे न म्हणता मुकाट्याने सही करतो, त्याने निम्मा शिष्टाचार तिथेच सांभाळला, असे समजावे.

दुसरी रीत आत येण्याची. सामान्य सभासदाचा ॲप्रन इंग्रजी पद्धतीत फिकट निळ्या काठाचा, तर ग्रँड लॉजच्या अधिकाऱ्याचा गडद निळा. स्कॉटलंडच्या लॉजेस तर आपापले रंग स्वतःच ठरवतात. अधिकृत भेटीसाठी येणाऱ्या प्रमुखाला सभा सुरू झाल्यावर मिरवणुकीने आत आणतात, सारे उभे राहतात, आणि पदाप्रमाणे मोजून मानवंदना होते. इंग्रजी रीतीत ग्रँड मास्टरला अकरा, प्रांताच्या प्रमुखाला सात, ग्रँड लॉजच्या साध्या अधिकाऱ्याला तीन. आपल्याकडच्या विड्या-नारळांचाच हा हिशेब! फरक एवढाच की इथे तो आधीच लिहून ठेवलेला असल्यामुळे रुसायला जागा राहत नाही.

आणि तिसरी रीत, जिच्यासाठी मी हा सारा खटाटोप मांडला. मानवंदना झाली की मास्टर आपली हातोडी पुढे करतो. "या, ही सभा आपली आहे," असा त्याचा अर्थ. आपल्या अधिकारक्षेत्रात ग्रँड मास्टरला ती हातोडी घेऊन अध्यक्षस्थानी बसण्याचा हक्कच असतो. पण तो बहुधा काय करतो? हातोडी हातात घेतो, दोन शब्द बोलतो, आणि ती मास्टरच्या हाती परत देतो. मग मास्टरच्या उजव्या हाताला जाऊन शांतपणे बसतो. देणाऱ्याने मान दिला, घेणाऱ्याने तो घेतला आणि लगेच वाढवून परत केला. परक्या घटनेच्या लॉजमध्ये तर त्याला हा हक्कही नसतो. तिथे तो केवळ सन्माननीय पाहुणा, आणि पाहुण्याने घरच्या किल्ल्या मागायच्या नसतात.

पण खरी कसोटी यापुढेच आहे. लॉजमधले विधी पुस्तक पाहून वाचत नाहीत. पानेच्या पाने तोंडपाठ म्हणतात. एखादा कारकून वा डॉक्टर चार महिने पहाटे उठून घोकंपट्टी करतो, आणि ऐन वेळी, समोर पाच-सहा सोनेरी पट्टे पाहून, त्याची जीभ अडखळते. आठवण करून द्यायला तिथे ठरलेला माणूस असतो. अशा वेळी बड्या पाहुण्याने ओठ हलवू नयेत, भुवई उंचावू नये, शेजाऱ्याच्या कानाशी तर मुळीच लागू नये. लॉजागणिक विधीचे शब्दही थोडे निराळे असतात. तेव्हा "आमच्याकडे असे नसते" हे वाक्य घरी ठेवून यावे. मध्येच उठून जाऊ नये. जाणे भाग असेल तर मास्टरची परवानगी घ्यावी. शेवटी शुभेच्छा देताना चार वाक्यांत आटपावे. जेवणाच्या वेळी सर्वांत नव्या सभासदाला शोधून त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. आणि चूक खरोखरच दाखवायची असली, तर दुसऱ्या दिवशी, एकट्याला, कौतुकानंतर. एका भुवईने एखाद्याचे वर्ष नासते. तो माणूस पुन्हा पुढे येत नाही, आणि नुकसान लॉजचे होते.

पदाचा उपयोग आणखी एका कामासाठी करता येतो. मुंबईचे पारशी गृहस्थ माणकजी करसेटजी यांना इथल्या गोऱ्या मंडळींच्या लॉजमध्ये प्रवेश मिळेना. अखेर पॅरिसच्या लॉजने त्यांना आपले म्हटले. पण परतल्यावरही मुंबईचे दार बंदच! त्या वेळी पश्चिम हिंदुस्थानात स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचे प्रांतिक प्रमुख होते डॉ. जेम्स बर्न्स. त्यांना उच्चासनावर बसून मानवंदना मोजत राहता आली असती. त्यांनी १८४३ साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढले, आणि हिंदी माणसांसाठी दार उघडले. याच माणकजींनी पुढे १८६३ साली मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा सुरू केली. ज्यांना दाराबाहेर थांबावे लागते, त्यांतले काहीजण दारे उघडायला शिकतात, ते असे.

फ्रीमेसन व्हावे की न होऊ नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हातोडी प्रत्येक घरात असते. सुनेच्या स्वयंपाकघरात आलेल्या सासूबाईंच्या हाती ती असते, मुलाच्या बिऱ्हाडी उतरलेल्या वडिलांच्या हाती असते, जुन्या कचेरीत सहज डोकावणाऱ्या निवृत्त साहेबांच्याही हाती असते. घरचे लोक ती आदराने पुढे करतात. ती नाकारू नये; नाकारणे हाही अपमानच. घ्यावी, क्षणभर हातात धरावी, आणि हसून परत द्यावी. या भाऊबीजेला सुनेची चकली जरा मऊ निघाली, तर तेवढे लक्षात असू द्या.