पोटातल्या ‘चांगल्या’ बॅक्टेरियांची थाप

जाहिरातींनी ‘चांगले बॅक्टेरिया’ आपल्या डोक्यात इतके पक्के बसवलेत की पोट म्हणजे सज्जन भाडेकरूंची सोसायटी आणि अधूनमधून तिच्यात एखादा गुंड घुसतो, असंच आपण धरून चालतो. मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. पण सिस्टीमचं मॉडेलच चुकीचं असेल तर दुरुस्तीही चुकते, हे मी रोज बघतो. आणि हे मॉडेल साफ चुकीचं आहे.

आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. जागा कमी, अन्न कमी, त्यामुळे मारामारी अटळ. १९२५ साली बेल्जियममध्ये आंद्रे ग्रासिया यांना दिसलं की ई. कोलायचा एक स्ट्रेन दुसऱ्या स्ट्रेनला मारणारं द्रव्य सोडतो. आज आपण अशा द्रव्यांना कोलिसिन म्हणतो. एखादं कोलिसिन शत्रूच्या पेशीला भोक पाडतं, एखादं त्याचा डीएनए तोडतं. ते बाहेर सोडताना बनवणारा बॅक्टेरिया बहुधा स्वतःच फुटून मरतो. त्याच्यासारखेच बाकीचे मात्र वाचतात, कारण उतारा त्यांच्याकडे आधीच असतो. आणि मरतं कोण? मुख्यतः भावकीच, म्हणजे ई. कोलायचेच दुसरे स्ट्रेन. बांधावरून भांडण होतं ते शेजारच्या चुलत भावाशीच, तसं.

आता सांगा, यातला चांगला कोण?

१९१७ साली, पहिल्या महायुद्धात, जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांनी हगवण न झालेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक स्ट्रेन वेगळा केला. तो आजही प्रोबायोटिक म्हणून विकला जातो. तो मायक्रोसिन नावाची विषं बनवून इतर बॅक्टेरियांना मारतो. पण कोलिबॅक्टिन बनवणारी जनुकंही त्याच्याकडेच आहेत, आणि कोलिबॅक्टिन प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींच्या डीएनएला इजा करतं. लावा आता लेबल!

म्हणजे पोटातली शांतता सज्जनपणामुळे टिकत नाही, एकमेकांच्या धाकामुळे टिकते. बाहेरून आलेल्या जंतूला तिथे पाय रोवता येत नाहीत, याचं एक कारण ही विषंच आहेत. आणि ती नेम धरून मारतात. २०१० साली आयर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या विष्ठेतल्याच एका बॅक्टेरियाकडून थुरिसिन सीडी मिळवलं. भयंकर जुलाब घडवणाऱ्या सी. डिफिसिलला ते मारतं, पण आतड्यातल्या बाकीच्या बहुतेकांना हात लावत नाही.

आणि आपण काय करतो? सर्दी झाली की कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन म्हणतो, “जरा स्ट्राँग दे.” सर्दी व्हायरसची, गोळी बॅक्टेरियावरची. शेड्यूल एच-१ मधल्या अँटिबायोटिक्ससाठी २०१४ पासून वेगळं रजिस्टर ठेवणं बंधनकारक आहे, तरी आमच्या गल्लीत चिठ्ठी कुणी मागत नाही. एक फाइल करप्ट आहे या संशयावरून आपण अख्खी डिस्क फॉरमॅट करतो. मग मोकळ्या झालेल्या जागेत सी. डिफिसिलसारखा जंतू आरामात वाढू शकतो.

पुढे तीच बाजारपेठ आपल्याला दुरुस्तीची बाटली विकते. २०१८ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेने एका छोट्या अभ्यासात काही जणांना अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक दिलं. त्यांच्या मूळ बॅक्टेरियांची वस्ती परत बसायला उलट जास्त वेळ लागला. सगळी प्रोबायोटिक्स निरुपयोगी आहेत, असं यावरून ठरत नाही. पण ‘घ्या, बरंच असतं’ हा दावा तरी कोसळतो.

कुणी म्हणेल, अँटिबायोटिकने जीव वाचतात. वाचतातच. न्यूमोनियाच्या पेशंटला ती वेळेवर आणि पूर्ण कोर्स मिळायलाच हवीत. म्हणूनच ती सर्दीवर उधळू नयेत. जगलेले प्रतिरोधक जंतू उद्या त्याच पेशंटच्या छातीत असतील, आणि तेव्हा ‘स्ट्राँग’ काहीच उरलेलं नसेल.

तेव्हा पुढच्या वेळी गोळी हातात पडली की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. हे बॅक्टेरियामुळेच झालंय का? हेच औषध का? किती दिवस? डॉक्टर चिडले तर चिडू देत. आणि डॉक्टरांची चिठ्ठीच नसेल, तर ती गोळी काउंटरवर परत ठेवा.